टॉवरच्या हद्दीतलं शेवटचं घर

अॅनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटल का आणलं, हे मी आजवर पुष्कळांना समजावून सांगितलं आहे. लग्नाच्या मांडवात, एसटीत, सलूनच्या बाकड्यावर. कोणी विचारलं की मला चेव येतो. त्या कारणांपैकी एक कारण मात्र मी स्वतः तयार केलं होतं, आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मला फोनवर एक साधा प्रश्न विचारला गेला होता आणि मी खोटं उत्तर दिलं. हे आता लिहून टाकतो.

मी सरकारी टीव्हीच्या एका लहान प्रक्षेपण केंद्रावर तंत्रज्ञ होतो. अकोल्याच्या उत्तरेला, जिथून सातपुडा निळा दिसायला लागतो, अशा एका तालुक्याच्या गावाबाहेर ते केंद्र होतं. दोन खोल्या, एक जनरेटर, एक लोखंडी टॉवर, आणि कुंपणाच्या तारेपर्यंत आलेली लोकांच्या कपाशीची पऱ्हाटी. वरून आलेलं चित्र घ्यायचं आणि टॉवरवरून आजूबाजूच्या गावांना वाटायचं, एवढंच आमचं काम. बायको आणि मुलगी अमरावतीला असायच्या. मी शनिवारी जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचो. मुलीच्या शाळेतलं एकही स्नेहसंमेलन मी पाहिलं नाही. बदलीसाठी मी इतके अर्ज केले होते की साहेब लोक माझं तोंड पाहूनच "जागा नाही" म्हणायचे.

प्रत्येक टॉवरला एक हद्द असते. ती नकाशावर गोल काढलेली असते, पण जमिनीवर तशी नसते. कुठं टेकडी आडवी येते, कुठं नाल्याच्या खळग्यात चित्र पोचत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मला ती हद्द मोजायला पाठवलं होतं. जीपमध्ये मीटर घेऊन मी तेल्हाऱ्याकडच्या वाटेनं डोंगराच्या पायथ्याशी गेलो आणि एका खेड्यात, नाल्यापलीकडच्या एका घरापाशी मीटरचा काटा शेवटचा हलला. त्याच्यापुढं काही नव्हतं. तेच आमचं शेवटचं घर.

ते घर एका पिंजाऱ्याचं होतं. त्याला सगळे चाचा म्हणायचे. तो गाद्या-रजया भरायचा. दारातल्या मोठ्या कडुनिंबाखाली बसून कापूस पिंजायचा आणि दाढीला कापूस लागलेला असतानाच लोकांशी भांडायचा. शेत सारं त्याची बायको, चाची, करायची. जमीन थोडी, काळी आणि नाल्याला लागून. मी जीपमधून उतरलो तर चाची कमरेवर हात देऊन उभी.

"तुमी टॉवरवाले काय? तुमच्या टॉवरवर मुंग्या झाल्या का बावा? इथं नुसत्या मुंग्याच येऊन राह्यल्या."

घरात एक लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. पडद्यावर पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या आणि आवाज मात्र बऱ्यापैकी स्वच्छ येत होता. अॅनालॉगचं असंच असतं. चित्र आधी मरतं, आवाज शेवटपर्यंत तग धरतो. मी कौलांवर चढलो, अँटेना सोडवून नव्या बांबूला बांधली आणि टॉवरच्या दिशेला हळूहळू फिरवायला लागलो. आतून चाची ओरडून सांगत होती.

"अजून! अजून! हां, माणूस आला! थांबा... कान आले. नाक नाई आलं. आलं, आलं नाक! आता हलू नका!"

"हलू नका म्हंते," चाचा खालून म्हणाला. "मंग बिचाऱ्यानं तिथंच कौलावर रायाचं काय?"

त्या दिवसापासून नाक हे आमचं माप झालं. मीटर महाग, जीप वर्षातून एकदा मिळायची. मशीनची ताकद कमी होऊन राहिली आहे अशी शंका आली की मी चाचीला फोन लावायचो. आधी किराणा दुकानाच्या फोनवर, मग तिच्या मोबाइलवर. "चाची, नाक दिसते का?" ती म्हणायची, "दिसते, पण चपटं." मग मी मशीन उघडायचो. तालुक्याच्या गावात सगळ्यांना चित्र लख्ख दिसत असायचं, कोणाची तक्रार नसायची. पण हद्दीवरचं नाक चपटं झालं म्हणजे कुठंतरी पार्ट ढिला पडला, हे नक्की असायचं. फोन लागला नाही तर ती एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायची. "टॉवरवाल्याले सांगजा, नाक गेलं." कंडक्टर केंद्रासमोर गाडी हळू करायचा आणि खिडकीतून ओरडायचा. प्रवाशांना काय वाटत असेल कोण जाणे.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. त्या वेळी तिच्या अंगणात बाया जमायच्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा सहज गेलो तर टीव्ही उंबऱ्यावर आणून ठेवलेला, आणि अंगणात बसलेल्या प्रत्येकीच्या हातात आपापल्या शेतातलं काहीतरी. कोणी पान आणलेलं, कोणी बोंड, एकीनं चहाच्या डब्यात अळी आणलेली. आमच्याकडे ते दिवस वाईट होते. पीक हातचं जायचं, आणि फवारायचं काय हे दुकानदार सांगेल ते. गडीमाणसं दुकानातून बाटल्या आणायची. या बायांनी आपली एक रीत पाडली होती. आधी चाचीच्या टीव्हीत पाहायचं, मग बाटलीचं झाकण उघडायचं. टीव्हीत दाखवलेली अळी आणि डब्यातली अळी एकच आहे का, यावर तिथं रोज भांडण व्हायचं.

"चाची, हे लाल पडलं पाहा पान. त्यायचं बी लाल हाये का?" शेजारची सून विचारत होती. ती नवीनच लग्न होऊन आलेली, सगळ्यात मोठ्या आवाजाची.

"बाई, माह्या टीव्हीत समदंच काळं-पांढरं. लाल कोठून दिसीन? तो बोलते ते आयक ना. लाल म्हणला का लाल समजायचं."

रंग तिथं आवाजातून यायचा. चाची पान पडद्याच्या बाजूला धरायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. तो दर वेळी बरोबर असायचा असं नाही. एकदा तिनं मित्रकीटकालाच खलनायक ठरवलं होतं आणि नंतर आठवडाभर सगळ्या बायांचे टोमणे खाल्ले. पण दुकानातल्या माणसाचा शब्द आणि अंगणातलं भांडण, दोन्ही ऐकून मग त्या ठरवायच्या, हे मोठं होतं. भारनियमनात जनरेटर बातम्यांपुरताच चालवा, असा आम्हाला आदेश होता. मी शेतीच्या कार्यक्रमालाही चालवायचो. तिकडं वीज नसली तर चाचा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडायचा.

पुढं शहरांत केबलला सेट-टॉप बॉक्सचे डबे लागायला लागले. ॲनालॉग जाणार, सगळं डिजिटल होणार, अशी चर्चा सुरू झाली. चाचीनं मला विचारलं, "हे काहून करून राह्यले? चालून राह्यलं ना बरं."

याचं उत्तर मी निंबाखाली बसून दिलं होतं, आणि आजही तेच देतो, कारण ते खरं आहे. चाचा समोर कापूस पिंजत होता, म्हणून मी कापसावरून सुरुवात केली. म्हटलं, अॅनालॉग म्हणजे सुटा कापूस. काठोकाठ भरून बैलगाडी निघाली की अख्खा रस्ता अडतो आणि गाडीत माल थोडाच असतो. डिजिटल म्हणजे जिनिंगमधून निघालेली दाबलेली गाठ. एका वाहिनीला जेवढी जागा लागायची, तेवढ्यात आता कितीतरी वाहिन्या बसतात. हवेतला रस्ता काही वाढत नाही, चाची. त्याच रस्त्यानं मोबाइलही चालतात. टीव्हीनं जागा सोडली तर ती त्यांना मिळते. शिवाय आपली मशीन जुनी झाली, पार्ट मिळत नाहीत. टॉवर रात्रंदिवस वीज खातो, आणि पाहणारे दरवर्षी कमी होऊन राहिले. उपग्रहावरून एकदा सोडलं की अकोल्यालाही पोचतं, चिखलदऱ्यालाही. टेकडी आडवी येत नाही.

चाचानं पिंजण थांबवली. "गाठ तर दाबली. पण गाठीवर कोणी झोपत नाई. तिले फोडून पुन्हा पिंजा लागते."

"तेच काम तो डबा करतो, चाचा. घराघरात एक पिंजारी."

"घ्या! म्हंजे माहा धंदा तिथंबी डबा खाऊन राह्यला."

चाची हसली नाही. तिनं विचारलं, "गाठ बांधाच्या आधी सरकी काढते. मंग यातली सरकी कोठी जाते?"

प्रश्न चांगला होता. म्हटलं, डोळ्याला जे कळणार नाही ते काढून टाकतात, त्याशिवाय एवढं बसत नाही. आणि मग, मी प्रामाणिक माणूस असल्याच्या थाटात, तिला आणखी एक गोष्ट सांगितली. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र आलं तर पूर्ण येतं, नाही तर काहीच येत नाही. आवाजही नाही. अर्धी गाठ उघडत नाही.

"म्हंजे चपटं नाक मिळणारच नाई," ती म्हणाली. "एक तं राजाचं नाक, नाई तं पडदा काळा."

"तुमाले राजाचंच मिळीन, चाची. मी सोता येऊन डिशची छत्री लावून देतो."

हे मी म्हणालो होतो. कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. दुपारची वेळ, पंख्याखाली मी जेवणाचा डबा उघडत होतो. साहेब चांगले होते. त्यांनी सांगितलं, केंद्रं बंद करायची यादी होऊन राहिली आहे, माणसांना जवळच्या मोठ्या केंद्रांवर घेतील. तुम्हाला अमरावती मिळेल बहुतेक.

मग म्हणाले, "अँटेनावर पाहणारं कोणी उरलंय का तुमच्याकडे?"

"नाही साहेब. डिश लागल्या, नाही तर केबल."

"एकही घर नाही? नीट आठवून सांगा. असेल तर तेवढं थांबू. आधी त्यांना डबा-छत्री देऊ, मग बंद करू. घाई नाही."

आठवायची गरजच नव्हती. त्याच सकाळी मी चाचीला फोन करून नाकाचं विचारलं होतं. पण "थांबू" हा शब्द मला ऐकू आला, आणि आमच्या खात्यात थांबणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. एका घरासाठी कागद फिरेल, मग पावसाळा जाईल, मग अमरावतीची जागा दुसरा कोणी धरेल. मुलगी दहावीला गेली होती.

"एकही घर नाही," मी म्हणालो.

केंद्र बंद होणारच होतं, यात मला आजही शंका नाही. माझ्या उत्तरानं देशाचं धोरण बदललं नसतं. जागा, वीज, पार्ट, गाठीचा हिशेब, ही सगळी कारणं पक्की होती. पण "तिथं आता कोणी पाहत नाही" हे आमच्या केंद्रापुरतं कारण मी पुरवलं, आणि ते खोटं होतं. त्या एका होकारानं चाचीला मशीन बंद व्हायच्या आधी छत्री मिळाली असती. तो होकार मी दिला नाही.

पेरण्या आटोपल्यावर एका सकाळी आदेश आला आणि मी माझ्या हातानं मशीन बंद केली. पंख्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. चाचीकडे जाऊन यायला एक दुपार पुरली असती. मी गेलो नाही. तिच्यासमोर उभं राहून "बंद झालं" म्हणायचं तर ती "काहून" विचारणार, हे मला ठाऊक होतं. कंडक्टरला सांगितलं, "चाचीला निरोप द्या, टॉवर बंद झाला, छत्री लावून घ्या म्हणावं." त्यानं मान हलवली आणि घंटी मारली. पुढच्या आठवड्यात मी अमरावतीला रुजू झालो. घरी जेवायला लागलो, मुलीला शिकवणीला सोडायला लागलो. मी सुखात होतो, हेही सांगितलं पाहिजे. फोनवर चाचीचं नाव दोनदा आलं. मी उचलला नाही. मग येणं थांबलं.

दिवाळीनंतर अकोल्याच्या बसस्टँडवर तो कंडक्टर भेटला. म्हणाला, "अरे, तुमी इथं? मायी तं त्याच हप्त्यात अकोटच्या गाडीवर ड्यूटी लागली, तो निरोप काही पोचला नाई बुवा. तुमची चाची नव्या कंडक्टरले रोज सांगते म्हणे, नाक गेलं, टॉवरवाल्याले सांगा. त्यो मले विचारत होता, बाई येडी आहे काय."

मी त्याच दिवशी गेलो.

कौलांवर अँटेनाचा बांबू उभा होता. त्याच्या बुडाशी चारी बाजूंनी कौलं सरकलेली. अख्खा पावसाळा चाचा वर चढून अँटेना फिरवत होता आणि चाची खालून ओरडत होती. आजवर जेव्हा जेव्हा चित्र गेलं तेव्हा एक तर फिरवून आलं होतं, नाही तर मी दुरुस्त केलं होतं. बंद होण्याची गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. टॉवर दुरून दिसायचा तसाच उभा दिसत होता.

चाची मला पाहून लगबगीनं पुढं आली. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "जित्ता आहे ना रे बाप्पा. आमाले वाटलं तुले काई झालं. तू असतानी चित्र एवढे दिस जातच नाई. मी तं दरग्यावर चादर बोलली तुयासाठी."

चाचा आतून म्हणाला, "मी म्हणत होतो, त्याची बदली झाली असीन. ही म्हणे, बदली झाली तं सांगून गेला असता."

मी खाली बसलो. त्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली होती. अंगणात बाया जमणं बंद झालं होतं, कारण पाहायला काही नव्हतं. ज्याला त्याला दुकानात जे सांगितलं ते ज्यानं त्यानं मारलं. शेजारच्या मोठ्या आवाजाच्या सुनेच्या घरी दोन बाटल्या एकत्र करून फवारल्या. पंप तिच्या पाठीवर होता. तिला अकोल्याला न्यावं लागलं, बरेच दिवस ठेवलं. मी गेलो तेव्हा ती परत आलेली होती. ओट्यावर बसून कापूस निवडत होती, आणि हात थरथरत होता. टीव्ही चालू असता तर तिनं फवारलं नसतं, असं मी म्हणत नाही. अंगणातही चुका व्हायच्या. पण त्या बाटलीवरून आधी अंगणात भांडण झालं असतं, एवढं नक्की. ते भांडण मी बंद केलं होतं.

"काहून बंद केलं?" चाचीनं विचारलंच.

मी समजावून सांगितलं. जागा, वीज, पार्ट, सगळं. आवाज माझा खणखणीत होता. ती ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती, कारण गाठीचं तिला आठवत होतं.

"ते समजलं," ती म्हणाली. "पण आमाले कोणी विचारलं काहून नाई? येऊन पाह्याचं तं होतं, कोण पायते, कोण नाई."

"वरून ठरलं, चाची," मी म्हणालो. "आपल्याले कोण विचारते."

"हो बापू. गरिबाले कोण विचारते." आणि तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. माझीही गणती तिनं न विचारलेल्यांत केली.

पुढच्या रविवारी मी छत्री घेऊन गेलो. घरचा जुना रंगीत टीव्हीही नेला. छत्री कौलांवर लावली तर निंब आडवा. उपग्रह आग्नेयेला, आणि नेमकं तिकडंच झाड. अॅनालॉग त्या पानांतून इतकी वर्षं निघून आलं होतं.

"तुमचं डिजिटल झाडालेबी भेते का?" चाची म्हणाली.

"तोडू काय?" चाचा उठलाच.

"नको चाचा. झाड राहू द्या. छत्री गोठ्यावर लावतो, तार लांब ओढतो."

दुपारपर्यंत तार ओढली. चित्र आलं ते एकदम आलं, पूर्ण, रंगासकट. चाची बराच वेळ निवेदकाच्या नाकाकडं पाहत होती. "राजाचं," ती म्हणाली.

आता बाया पुन्हा येतात. पूर्वीइतक्या नाही. काही घरी मोबाइलवर पाहतात. शेजारची सून येते, पण तिचा अळीचा डबा दुसरीच धरते. भर पावसाळ्यात आभाळ दाटून आलं की पडदा अख्खा काळा होतो आणि आवाजही जातो, मग चाची मला फोन करते आणि मी आता उचलतो. सांगतो, आभाळ उघडलं की येईल. ते येतंच. डिजिटलची बाजू मी आजही घेतो. अंगणात बसूनसुद्धा घेतो.

छत्री लावली, टीव्ही दिला, फोन उचलतो. यातल्या कशानंही ते फिटत नाही, कारण चाची अजून समजते की आम्हा दोघांनाही कोणी विचारलं नाही. मी तिला एक गोष्ट अजून देणं लागतो. चाची, मला विचारलं होतं, आणि तुझं घर नाही असं मी सांगितलं. हे मी तिच्या अंगणात बसून, तिच्या तोंडावर सांगायचं बाकी आहे.